‘पोलीस स्क्वॉड!’ फसली नव्हती



‘पोलीस स्क्वॉड!’ ही विनोदी दूरचित्रवाणी मालिका म्हणजे ‘फसलेला पोरकटपणा’, हे गेल्या अंकातील लेखातले मत वस्तुस्थितीला धरून नाही.

१९८२ मध्ये अमेरिकेतील एबीसी वाहिनीने तिचे अवघे सहा भाग दाखवले, हे खरे. पण याच मालिकेसाठी अभिनेते लेस्ली नील्सन यांना एमी पुरस्काराचे नामांकन मिळाले आणि तिच्यातूनच १९८८चा ‘द नेकेड गन’ हा चित्रपट उभा राहिला.

विनोद उथळ? निवेदक भागाचे एक नाव वाचतो, पडद्यावर दुसरेच झळकते. पाहुणा कलाकार श्रेयनामावलीतच मारला जातो. शेवटी चित्र गोठत नाही, नटच निश्चल उभे राहतात. तेही ध्वनिमुद्रित हशाशिवाय! ‘एम स्क्वॉड’सारख्या पोलीस मालिकांची मांडणी बारकाईने पाहिल्याखेरीज असे विडंबन साधत नाही.

लेखकाने सहाही भाग पाहून फेरविचार करावा.



एक वाचक, नाशिक