चूक कोणाची?

बाळापूरला आमच्या आत्याबाईंकडे दिवाळीला गेले, की दोन गोष्टी कधी चुकत नाहीत. एक पहाटेचे कढत पाणी, आणि दुसरी कोणाची तरी चाललेली झाडाझडती. गेल्या दिवाळीत आरोपीच्या पिंजऱ्यात होत्या आमच्या वहिनी, म्हणजे आत्याबाईंच्या सूनबाई. आदल्याच आठवड्यात, ऐन दिवेलागणीच्या घाईत, त्यांनी आत्याबाईंच्या डोळ्यांत कानाचे औषध घातले होते. डोळा लालभडक झाला. रातोरात अकोला गाठावे लागले. डोळा वाचला, पण वहिनी काही वाचल्या नाहीत. आल्यागेल्या प्रत्येकाला ती हकीकत पहिल्यापासून ऐकवली जाई, आणि वहिनी खाली मान घालून चकलीचा सोऱ्या दाबीत बसत.

वहिनींचा मुलगा प्रवासी विमानांवर वैमानिक आहे. तो आला तो एका मित्राला घेऊन. हा मित्र पूर्वी हवाई दलात होता. सकाळी मी दोघांना नदीकाठची मिर्झाराजे जयसिंगांची छत्री दाखवून आणले. दुपारी ओसरीवर चहा घेताना मित्र हसून म्हणाला, "काका, तुमची छत्री दगडाची. आमची पाठीला बांधलेली असते."

त्यावरून गोष्टी निघाल्या. २७ जून २०१८ रोजी नाशिकजवळ निफाड तालुक्यात चाचणीच्या उड्डाणात एक सुखोई विमान पडले होते. दोघे वैमानिक छत्रीने सुखरूप उतरले. "पण प्रत्येक वेळी दोघेही उतरतात असे नाही," आमचा चिरंजीव म्हणाला, आणि त्याने अमेरिकेतली हकीकत सांगायला घेतली.

२०१४ च्या लक्ष्मीपूजनानंतर आठच दिवसांनी, ३१ ऑक्टोबरला, कॅलिफोर्नियातील मोहावीच्या वाळवंटावर ती घटना घडली. पैसे भरणाऱ्या प्रवाशांना अंतराळाच्या उंबरठ्यापर्यंत नेऊन आणायचे, असा व्हर्जिन गॅलॅक्टिक कंपनीचा बेत. त्यासाठी स्केल्ड कंपोझिट्स या कंपनीने बांधलेल्या 'स्पेसशिपटू' यानाची ती चाचणी होती. मोठ्या विमानाच्या पोटाखाली टांगून ते सुमारे ४६,००० फुटांवर नेले, सोडले, आणि त्याचे रॉकेट पेटले. सुटल्यापासून अवघ्या १३ सेकंदांच्या आसपास त्याचे आकाशातच तुकडे झाले. सहवैमानिक मायकेल अल्सबरी जागीच गेला. वय ३९. मुख्य वैमानिक पीटर सीबोल्ड आसनासकट बाहेर फेकला गेला. त्याची छत्री आपोआप उघडली आणि तो जखमी होऊन का होईना, जिवंत राहिला.

"रॉकेट फुटले असणार," मी म्हणालो.

"सगळे जग तेच म्हणत होते, काका. इंधन नवीन होते ना! पण अवशेषांत इंजिन आणि टाक्या धड सापडल्या."

मग मित्राने आत्याबाईंचा अडकित्ता हातात घेऊन यानाची रचना समजावली. परत येताना वेग मारण्यासाठी या यानाची शेपटी वर उचलली जाते. बॅडमिंटनचे फूल कसे हवेत सावरत, रेंगाळत खाली येते, तसे ते मग खाली येते. एरवी शेपटीला कुलूप असते. वर चढताना, ध्वनीच्या १.४ पट वेग गाठल्यावर, सहवैमानिकाने कळ ओढून ते कुलूप काढायचे. अल्सबरीने ते ध्वनीच्या वेगाच्या आठ-दशांशालाच काढले. त्या वेगाला हवेचा रेटाच इतका असतो, की शेपटी कोणी न उचलता आपण होऊन उचलली गेली आणि यान मोडले.

आत्याबाई इतका वेळ सुपारी कातरायची थांबून ऐकत होत्या. त्या ताडकन म्हणाल्या, "मंग इतकं काय बोलून राहिले रे? चूक त्या पोट्ट्याचीच नं!"

सोऱ्याचा आवाज थांबला.

"हात त्याचाच होता, आजी," नातू म्हणाला. "चौकशी करणारेही तिथपर्यंत लवकरच पोचले होते. पण ते तिथे थांबले नाहीत. त्यांनी विचारले, इतका कसलेला माणूस असे का करील? तो २०१३ मध्ये याच यानाच्या पहिल्या रॉकेट-उड्डाणातही होता. तेव्हा सापडले, की ते पहिले काही सेकंद भयंकर घाईचे असतात. सगळे तोंडपाठ करायचे, आणि कुलूप काढायला फार उशीर झाला तर उड्डाणच रद्द. म्हणजे धाक उशिराचा. लवकर काढले तर जीव जाईल, हे कार्यपद्धतीच्या पुस्तकात ठळकपणे कुठेच लिहिलेले नव्हते. सरावाच्या खोलीत यानाचा खडखडाट नव्हता, पाठीवरचा तो दाबही नव्हता."

"आणि ती कळ," मित्र म्हणाला, "वेळेआधी ओढली तर अडेल, अशी काहीच सोय नव्हती. जुलै २०१५ मध्ये चौकशी मंडळाने निकाल दिला, की एका माणसाच्या एका चुकीने अनर्थ होऊ शकतो, याचा विचार करून बंदोबस्त करण्यात यान बांधणारी कंपनी कमी पडली. पुढच्या यानात कळीला अडसर बसवला. ते यान डिसेंबर २०१८ मध्ये वर जाऊन सुखरूप परत आले."

"अल्सबरीला दोष देऊन फाइल मिटवणे सोपे होते," नातू म्हणाला. "गेलेला माणूस उत्तर देत नाही. पण मग तीच कळ दुसऱ्या कोणी ओढली असती. आज मी विमानात बसतो, तो अशा चौकशांच्या भरवशावर."

आजीच्या डोळ्याची गोष्ट त्याला तोवर कोणी सांगितली नव्हती, हे मला ठाऊक होते. मी वहिनींकडे पाहिले. त्या पदराने कपाळ पुशीत होत्या.

आत्याबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सूनबाई, त्या दोन बाटल्या आण."

वहिनींनी आणल्या. मी हातात घेऊन पाहिल्या. तोच आकार, तेच पांढरे झाकण, अक्षर मुंगीएवढे. चष्मा लावूनही, भर दुपारी, कोणती कुठली हे मला चटकन सांगता येईना. आणि वहिनींनी तर ती संध्याकाळी एका कोनाड्यातून काढली होती.

आत्याबाईंनी देवघरातून लाल दोरा आणला. कानाच्या बाटलीला चार वेढे देऊन गाठ मारली. ती बाटली स्वयंपाकघराच्या फडताळात आणि डोळ्याची देवाजवळ ठेवायला सांगितली. चुकले वगैरे त्या काही म्हणाल्या नाहीत. तो त्यांचा स्वभावच नाही. त्या चुलीजवळ जाऊन बसल्या आणि हात पुढे करून म्हणाल्या,

"दे तो सोऱ्या इकडं. सकाळपासून दाबून राहिलीस, हात दुखला असंल तुझा."