डोंगराशी घाई नको!

दोस्तांनो, समजा तुम्ही शिरूर अनंतपाळला राहता. रोज धावत शाळेत जाता, कबड्डीत भल्याभल्यांचा दम काढता. आता तुम्हाला उचलून एकदम हिमालयात, ४,००० मीटर उंचीवर नेऊन ठेवलं तर? दहा पायऱ्या चढताच धाप लागेल! मग तो कबड्डीतला दम गेला कुठे?

दम तोच आहे, हवा बदलली. लातूरचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. आपलं कळसूबाईचं शिखरसुद्धा १,६४६ मीटरच. हवेत प्राणवायू सगळीकडे २१ टक्केच असतो. पण उंचावर हवा विरळ होते. समुद्रकाठी एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो, त्याच्या साधारण ६० टक्केच ४,००० मीटरवर मिळतो.

अशा जागी आपली माणसं कामाला जातात बरं का! गोव्यात, वास्कोला ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. अंटार्क्टिकाच्या भारतीय मोहिमा तेच आखतं. या केंद्राने २०१६ साली हिमाचल प्रदेशातल्या स्पितीत, ४,००० मीटरहून उंच जागी ‘हिमांश’ नावाचा तळ उभारला. हिमनद्यांचा अभ्यास करायला.

दक्षिण ध्रुवावर तर आणखी गंमत. तिथला अमेरिकेचा तळ २,८३५ मीटरवर, जाडजूड बर्फावर उभा आहे. पण थंडीने हवा आकसते, त्यामुळे दाब आणखी कमी. शरीराला वाटतं, आपण ३,००० मीटरच्याही वर आलो! शिवाय किनाऱ्यावरून विमान तीनेक तासांत तिथे पोचवतं. म्हणून पहिले काही दिवस धावपळ बंद. पाणी प्यायचं आणि विसावा घ्यायचा.

तेवढ्यात शरीर कामाला लागतं. श्वास वाढतो, नाडी जलद होते. मग हाडांतला मगज जास्त तांबड्या पेशी बनवू लागतो. त्याला मात्र आठवडे लागतात. म्हणून गिर्यारोहकांचा नियम असा: ३,००० मीटरनंतर रात्रीचा मुक्काम रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर न्यायचा नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं.

डोकं दुखलं, मळमळलं, तर ती शरीराने दिलेली सूचना समजा. पुढे चढायचं नाही. त्रास वाढला तर लगेच खाली उतरायचं. नाहीतर फुप्फुसांत पाणी साचतं, मेंदूला सूज येते, जिवावर बेततं. हा त्रास पैलवानालाही होतो. आणि खरा धोका कुणाला, ठाऊक आहे? ‘सगळे चालताहेत, मी कसा थांबू?’ म्हणून जो गप्प बसतो, त्याला!

उद्या तुमच्यापैकी कुणी हिमालयात जाईल, कुणी ध्रुवावर. ताकद कमवाच. पण ‘मला त्रास होतोय’ हे मोकळेपणी सांगायलाही आतापासूनच शिका. काय, पटलं ना?