पाणवेलींवर फवारणी : सावधपणाची शर्त

गोदावरी नाशिक शहर ओलांडून निफाड तालुक्यात शिरते आणि तिचे पात्र ठिकठिकाणी हिरवे होते. हा हिरवेपणा जलपर्णीचा, म्हणजे तिकडच्या बोलीतील पाणवेलींचा. त्यांनी पंप अडतात, मासेमारी थांबते आणि पावसाळ्यात पुलाच्या खांबांशी वेलींचे ढीग तुंबून पुराची भीती वाढते. मजूर लावून काढलेली पाणवेल काही आठवड्यांत पुन्हा पसरते. तेव्हा तणनाशक फवारून एकदाचे मोकळे व्हावे, ही मागणी स्वाभाविक आहे. ती सरसकट झिडकारणे योग्य नाही. पण सरसकट मान्य करणे त्याहून घातक ठरेल.

कारण या नदीकाठी द्राक्षबागा आहेत. जलपर्णीवर लागू पडणारे ‘२,४-डी’ हे रुंद पानांच्या तणांसाठीचे औषध, आणि द्राक्षवेल त्याला अत्यंत हळवी. वाऱ्याने वाहून आलेल्या अल्पशा तुषारांनीही तिची कोवळी पाने आक्रसतात, फळधारणेला बाध येतो. उसाला जे सोसते ते द्राक्षाला सोसत नाही. ग्लायफोसेट तर तण आणि पीक असा भेदच मानत नाही. त्याची फवारणी कीडनियंत्रण व्यावसायिकांकडूनच व्हावी, असा निर्बंध केंद्र सरकारने २०२२ साली अधिसूचनेद्वारे घातला, तो उगाच नव्हे.

पुढे गोदावरी-कादवा संगमावर नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. त्याचे कालवे कोपरगाव-राहात्यापर्यंतची शेती भिजवतात, आणि तेथील पाणथळ जागा २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरली. सारे पात्र एकदम फवारल्यास मेलेल्या वेली बुडून कुजतील, पाण्यातील प्राणवायू घटेल आणि मासे मरतील.

म्हणून औषध वापरायचेच तर ते ठेकेदाराच्या मर्जीवर सोडता येणार नाही. दाट थर आधी यंत्राने काढावा. फवारणी उरलेल्या कोवळ्या रोपांपुरती, पट्ट्यापट्ट्याने आणि वारा पडलेला असताना व्हावी. पाण्यावर वापरण्यास मान्यता असलेलेच औषध, ठरल्या मात्रेत घ्यावे. ‘२,४-डी’चा सहज वाफ होणारा एस्टर प्रकार बागांजवळ वर्ज्य असावा. तो पंप पुन्हा बागेत जाता कामा नये. तारीख गावोगाव आधी जाहीर व्हावी, नेमल्या मुदतीपर्यंत उपसा बंद राहावा आणि बाग होरपळल्यास भरपाई कोणी द्यायची, हे करारातच लिहिलेले असावे.

एवढे करूनही प्रश्न मिटणार नाही. जलपर्णीचे बी गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहते. १९८२-८३ साली भारतात आणलेले जलपर्णीभक्षक भुंगेरे संथ तळ्यांत उपयोगी पडले, तरी पुराच्या नदीत त्यांचा भरवसा थोडा. या वेलीला नत्र आणि स्फुरद पुरवते ते शहराचे सांडपाणी. ते पुरते शुद्ध न करता फवारणीच्या निविदा काढणे म्हणजे एका हाताने खत आणि दुसऱ्या हाताने विष घालणे होय. त्या दोहोंची किंमत खालच्या गावांनी मोजावी, हा न्याय नव्हे.