मान घ्या, धन मागू नका

"काम आवडतंय ना तुला? मग पैसे काऊन मागायलास?"

एका छोट्या रेडिओ केंद्रातल्या सायबाचा हा सवाल. गिरणीतली रातपाळी उतरायची, कानात साच्यांची घरघर, तसंच विष्णुपुरीहून दोन टमटम बदलून जायचं. भाडं आपलंच. आठवड्याला एक तास माझा. लिहायचं मी, माणसं गोळा करायची मी, मशीनवर बसायचं मी. चार महिने केलं. मग मानधन विचारलं. तर म्हणे, ही सेवा आहे.

सेवा! माझा पणजा येसकर होता. गावात कुणी मेलं की रातोरात सांगावा घेऊन पळायचा, चावडीपुढं दवंडी द्यायचा. निजामाच्या राज्यातला हा बिनपगारी निवेदक. मोबदला म्हणजे दारोदार हात पसरून शिळ्या भाकरीचे तुकडे. गाव त्याला मान म्हणायचं. लई मोठा मान! १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचं बिल आणलं, ते ह्याच मानाच्या नरड्याला हात घालायला. घटनेच्या २३व्या कलमानं वेठ बंद केली. १९८२ साली एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, किमान वेतनाहून कमी पैशात राबवणं हीसुद्धा वेठच. मग फुकट राबवणं काय म्हणायचं?

सरकारी आकाशवाणीनं तरी काय केलं? नैमित्तिक निवेदक महिन्याला सहा ड्युट्यांवर वर्षानुवर्षं टांगले. आवाज अख्ख्या जिल्ह्याच्या ओळखीचा, हजेरीपटावर नाव नाही. कायम करा म्हणत कितीजणांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या.

छोट्या केंद्राकडं पैसा नसतो, कबूल. २००६ पासून सामाजिक संस्थांनाही सामुदायिक रेडिओ काढता येतो, अन् तो हौशी माणसांच्या जिवावरच चालतो. पण विजेचं बिल भरता ना? का वीज कंपनीलाही समर्पण शिकवता?

अन् हौस परवडते कुणाला? ज्याच्या बापाची जमीन आहे, पेन्शन आहे, त्याला. म्हणजे माईक पुन्हा त्याच्याच हातात. आमच्या वस्तीतली पोरगी सहा महिने फुकट बोलंल, मग मजुरीला जाईल. तिची जागा रिकामी झाली की हेच लोक म्हणणार, तुमच्यातले येतच नाहीत.

सायब म्हणाले, "पोरा, तुझ्यात समर्पण नाही."

म्या विचारलं, "सायब, तुमचा पगार किती?"

पुढच्या सोमवारी माझ्या तासाला त्यांनी गाणी लावली.