सारथ्य म्हणजे काय?

दिवाळीला आमच्या इतवारींतील घरांत सारें कुटुंब एकत्र जमतें. गेल्या दिवाळीस धाकट्या बंधूंचा मुलगा पुण्याहून आला, तेव्हां फराळाच्या वेळीं त्याच्या नव्या हुद्द्याची गोष्ट निघाली. तो एका संगणक-कंपनींत 'अजाइल कोच' झाला आहे. 'कोच' हा शब्द ऐकतांच नातवानें विचारलें, "काका, तुम्ही क्रिकेट शिकवितां?" आमच्या घरच्या मंडळींनीं विचारलें, "म्हणजे तूं साहेब झालास का रे?" पुतण्या हंसून म्हणाला, "नाहीं, काकू. माझ्या हाताखालीं एकहि माणूस नाहीं, आणि त्यांचें कामहि मी करीत नाहीं."

"मग तुला पगार कशाचा देतात?"

प्रश्न भाबडा दिसला, तरी मोठा मार्मिक होता. उत्तर मिळविण्यांत माझे पुढचे दोन महिने गेले. आणि तें उत्तर अखेर माझ्याच घरांत सांपडलें. तें कसें, हें वाचकांस सांगावें म्हणून या महिन्यांत हा विषय घेतला आहे.

संगणकासाठीं प्रणाली रचण्याची जुनी रीत घर बांधण्यासारखी होती. आधीं सगळे नकाशे, मग पाया, मग भिंती. आणि धन्याला घर दिसावयाचें तें थेट वास्तुशांतीच्या दिवशीं. वर्ष-दोन वर्षांनीं धनी म्हणे, "मला हें नको होतें!" तोंवर पैसा आणि वेळ दोन्ही गेलेले असत. या त्रासाला कंटाळून 2001 सालच्या फेब्रुवारींत अमेरिकेच्या यूटा संस्थानांत स्नोबर्ड येथें या धंद्यांतील सतरा जाणकार जमले, आणि त्यांनीं चार मूल्यें व बारा तत्त्वें लिहून काढलीं. त्यांचा सारांश माझ्या शब्दांत असा : काम लहान लहान वांट्यांनीं करावें, प्रत्येक वांटा चालता करून धन्याला दाखवावा, त्याचें म्हणणें ऐकून पुढची वाट बदलण्याची लाज धरूं नये, आणि ठराविक मुदतीनें आपण आपल्याच रीतीकडे वळून पाहावें. 'अजाइल' म्हणजे चपळ खरें. परंतु येथें चपळाई म्हणजे घाई नव्हे. वेळींच वळतां येणें, ही ती चपळाई.

या विचाराची 'स्क्रम' नांवाची एक पद्धति विशेष रूढ आहे. 1986 सालीं ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी पंडितांनीं एका लेखांत, चांगली तुकडी रग्बीच्या खेळाडूंप्रमाणें चेंडू एकमेकांकडे देत एकजुटीनें पुढें जाते, असें दाखविलें होतें. तेथून हें नांव आलें. 1995 सालीं केन श्वाबर व जेफ सदरलँड यांनीं पद्धतीची मांडणी लोकांपुढें ठेविली. लहानशी तुकडी रोज पंधरा मिनिटें एकत्र येते. महिन्याच्या आंत एक वांटा पुरा करते. आणि शेवटीं काय साधलें, काय अडलें, याचा मोकळेपणानें विचार करते.

ही मोकळीक वाटते तितकी सोपी नाहीं, आणि कोच लागतो तो तेथेंच. लिसा ॲडकिन्स या बाईंनीं 2010 सालीं या विषयावर एक ग्रंथ लिहिला आहे. कोच कधीं शिक्षक होतो, कधीं अनुभवी वडीलधारा होतो, कधीं सभेचा सूत्रधार होतो. परंतु पुष्कळ वेळां तो केवळ प्रश्न विचारतो आणि गप्प बसतो.

पुतण्यानें स्वतःचा एक अनुभव सांगितला. एका तुकडीचें काम नेहमीं उशिरा होई, आणि प्रत्येकाला दुसरा आळशी वाटे. यानें व्याख्यान दिलें नाहीं. भिंतीवर तीन रकाने आंखले : करावयाचें, चाललेलें, झालेलें. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी करून ती त्या त्या रकान्यांत लावावयास सांगितली. आठवड्यानें मधल्या रकान्यांत चिठ्ठ्यांची दाटी झाली. तपासणी करणारा मनुष्य एकच होता, आणि सगळीं कामें त्याच्या दाराशीं खोळंबलीं होतीं. आळशी कोणीच नव्हता.

"हें मला दुसऱ्याच दिवशीं दिसलें होतें," पुतण्या म्हणाला, "पण मी बोललों नाहीं."

"कां रे?"

"मीं सांगितलें असतें, तर पुढच्या वेळीं त्यांनीं भिंतीकडे न पाहतां माझ्याकडे पाहिलें असतें."

हें ऐकून मला आपल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलची आठवण झाली. 1 जानेवारी 1877 रोजीं सुरू झालेली जमशेटजी टाटांची ही गिरणी 2002 सालीं बंद पडली, आणि आज त्या जागेवर बाजाराची मोठी इमारत उभी आहे. तिचे पहिले व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता हे रेल्वेंतून आलेले. कापडाच्या धंद्याचा त्यांना पूर्वानुभव नव्हता. कामगार वाटेल तेव्हां गैरहजर राहत. 'येथले लोकच आळशी', असें म्हणून दंड वाढविणें सोपें होतें. परंतु गिरणीनें नियमित येणारांस समारंभानें बक्षिसें दिलीं, आणि 1886 सालीं निवृत्तिवेतनाचा निधि काढला. माणसांना नांवें ठेवण्यापूर्वीं व्यवस्थेंत काय उणें आहे हें पाहावें, ही दृष्टि आमच्या गांवाला अगदींच नवी नाहीं.

तथापि बेझनजी मालकाचे अधिकारी होते. कोच तसा नसतो. त्याची खरी उपमा मला महाभारतांतच मिळाली. माझा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला, म्हणून वाचकांनीं एवढी सवलत द्यावी. त्या युद्धांत दोन सारथी ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत : एक अर्जुनाचा कृष्ण, दुसरा कर्णाचा शल्य. शल्य घोड्यांच्या विद्येंत निष्णात होता. पण मनाला येईल तें बोलण्याची मुभा मागून घेऊन तो रथावर चढला, आणि कर्णाचें तेज कमी करण्याचें वचन त्यानें युधिष्ठिराला आधींच दिलें होतें. ऐन रणांत तो कर्णाला हंस व कावळा यांची कथा ऐकवितो. त्याच्या बोलण्यांत कांहीं सत्यहि आहे. परंतु तें सत्य मोडण्यासाठीं सांगितलेलें आहे, घडविण्यासाठीं नव्हे.

कृष्णानें शस्त्र न धरण्याचें ठरविलें होतें. तरी भीष्मांपुढें अर्जुनाचा हात ढिला पडलेला पाहून तोहि एकदां रथाखालीं उडी घेऊन धांवला, आणि अर्जुनानें त्याचे पाय धरून त्याला परत आणलें. 'सोड, मीच करतों' हा मोह साक्षात् भगवंतालाहि झाला. मग पुण्याच्या कोचास होईल यांत नवल काय! आणि एवढा उपदेश केल्यानंतर कृष्ण शेवटीं सांगतो तें हेंच, कीं सर्वाचा नीट विचार कर आणि मग तुला वाटेल तसें कर. निर्णय ज्याचा त्याच्या हातीं ठेवणें, हें सारथ्याचें मर्म.

म्हणूनच, पुतण्या म्हणाला, तुकडींतील माणसांच्या वार्षिक शेऱ्यांत कोचाचा हात नसावा. ज्याच्या लेखणींत आपली बढती आहे, त्याच्यापुढें आपली चूक कोण उघड करील? एमी एडमंडसन या अमेरिकन विदुषीनें रुग्णालयांतील औषधें देण्यांत होणाऱ्या चुकांचा अभ्यास करून 1996 सालीं तो प्रसिद्ध केला. ज्या विभागांत माणसें चांगल्या रीतीनें वागविलीं जात, तेथें चुका कमी निघतील अशी तिची अपेक्षा. परंतु नोंदी पाहतां त्याच विभागांत चुका अधिक दिसल्या. चुका तेथें अधिक होत होत्या असें नव्हे; तेथें त्या सांगितल्या जात होत्या, आणि इतरत्र झांकल्या जात होत्या.

या एका वाक्यानें माझी झोंप उडविली. कारण 'आमच्या घरांत कोणाची तक्रार नाहीं' हें मी आजवर अभिमानानें सांगत आलों होतों.

मीं ठरविलें, घरांतहि हा प्रयोग करावा. रोज रात्रीं जेवणानंतर पंधरा मिनिटें सर्वांनीं ओसरीवर जमावें, आणि काय अडतें तें सांगावें. मी माझ्या खुर्चीवर वही घेऊन बसे; सर्वजण समोर उभे राहत. आठ दिवस एकच उत्तर मिळालें : "सर्व ठीक आहे, बाबा." मीं मोठ्या समाधानानें पुतण्याला दूरध्वनीवरून हें कळविलें. तो थोडा वेळ गप्प राहिला, आणि मग त्यानें हळूच विचारलें, "काका, वही कोणाच्या हातांत असते?"

शिक्षकाला वही सोडवत नाहीं. तरी दुसऱ्या दिवशीं ती मीं नातवाच्या हातीं दिली, आणि सर्वांबरोबर सतरंजीवर बसलों. माझ्याच चुकीपासून आरंभ केला : विजेचें बिल भरावयास मी विसरलों होतों आणि तें कोणाला सांगितलें नव्हतें. तरी आणखी आठ दिवस कोणी बोललें नाहीं. मग एके रात्रीं थोरल्या सूनबाई खालीं पाहून म्हणाल्या, "बाबा, मला सकाळीं डबा नेतां येत नाहीं."

सूनबाई बुटीबोरीच्या एका बँकेंत आहेत. घरून आठाला निघतात. आमच्या घरीं देवाला नैवेद्य झाल्याशिवाय अन्न कोणासाठीं काढीत नाहींत. आणि माझी पूजा आटोपे साडेआठाला. चार वर्षें ही मुलगी बिस्किटांचा पुडा घेऊन जात होती, आणि दुपार त्यावर काढीत होती. मला वाटे, तिला डबा नेण्याची आवड नाहीं.

मीं घरच्या मंडळींकडे पाहिलें. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक होतें. पण तुमच्या पूजेविषयीं कोणीं बोलावें?"

म्हणजे घरांत सर्वांना ठाऊक होतें; ठाऊक नव्हतें तें एकट्या मला.

उपाय सांगण्यास माझी जीभ वळवळली. परंतु रथाखालीं उडी घेणाऱ्या कृष्णाची आठवण झाली, आणि मी बसून राहिलों. उपाय नातवानें काढला. वही पुढें ओढून तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही सहा ते सात वर्तमानपत्र वाचतां. तें पूजेनंतर वाचलें तर?" बारा वर्षांच्या मुलानें चार वर्षांचें कोडें एका प्रश्नांत सोडविलें. देवाची कांहींच अडचण नव्हती. अडचण माझ्या वर्तमानपत्राची होती. पंधरा दिवस करून पाहावें, आणि मग पुन्हां विचार करावा, असें ठरलें. आतां साडेसाताला नैवेद्य होतो, आणि सूनबाईंचा डबा भरून निघतो.

या विद्येचे सर्वच गोडवे गावे असें मात्र नाहीं. पुष्कळ ठिकाणीं तिचा केवळ विधि उरतो. रोजची सभा म्हणजे रोजची हजेरी होते, आणि कोच म्हणजे दुसरा पर्यवेक्षक. 2023 सालच्या जानेवारींत कॅपिटल वन या अमेरिकन बँकेनें या कामाचीं अकराशेंहून अधिक पदें एकदम काढून टाकलीं. उलट मुंबईचे डबेवाले पाहा. 1890 च्या सुमारास सुरू झालेल्या त्यांच्या व्यवसायांत लहान लहान स्वतंत्र गट आहेत. गटाचा मुकादम तंटे मिटवितो आणि प्रसंगीं स्वतः डबेहि वाहतो. 2010 सालीं हार्वर्डच्या विद्यापीठानें त्यांच्या व्यवस्थेवर अभ्यासपाठ तयार केला. जेथें वडील मनुष्य स्वतः ओझें उचलतो, आणि लहानाचें ऐकतो, तेथें बाहेरचा सारथी शोधावा लागत नाहीं.

मीं पुतण्याला विचारलें, "मग तुझ्या नोकरीचें काय रे?" तो म्हणाला, "काका, तुकडी शिकली तर माझी गरज संपते. शिकली नाहीं तर माझा उपयोग काय? दोन्हीकडून जावयाचेंच आहे. पहिल्या कारणानें जावें, एवढीच इच्छा." शिक्षकाच्या धंद्याचेंहि याहून निराळें काय असतें? विद्यार्थी वर्ग सोडून जातो, हेंच त्याचें यश.

काकूच्या प्रश्नाचें उत्तर मला मिळालें आहे. त्या मुलाला पगार मिळतो तो, ज्याला बोलतां येत नाहीं त्याला बोलतां यावें यासाठीं. वाचकांपैकीं जे कोणी घरांत वडील असतील, त्यांनीं एवढेंच करून पाहावें : आठ दिवस वही दुसऱ्याच्या हातीं द्यावी, आणि आपण सतरंजीवर बसावें. 'सर्व ठीक आहे' हें उत्तर मिळालें, तर उठूं नये. आणखी आठ दिवस बसावें.

आमच्या घरीं आजकाल रोज कोणाची ना कोणाची तक्रार असते. काल माझ्या घोरण्याविषयीं होती. तिचा विचार अद्याप चालू आहे.

— इतवारी, नागपूर येथील एक निवृत्त शिक्षक