शुश्रूषेचा खर्च कोणाच्या माथी?

धुळ्यात १९८९ साली आणि जळगावात २०१८ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. खानदेशात शस्त्रक्रियेची सोय वाढली, हे निर्विवाद होय. परंतु खुब्याचे हाड मोडलेला वृद्ध शस्त्रक्रियेनंतर घरी आला, की त्याला उठविण्या-चालविण्याचे काम सून किंवा मुलगी कापूसवेचणीची मजुरी बुडवून करते. आयुष्मान भारत योजनेत घरी परतल्यावर १५ दिवसांच्या औषधोपचाराची तरतूद आहे. पण कित्येक आठवड्यांच्या शुश्रूषेचे काय? रुग्णालयाची खाट लवकर मोकळी झाली, ही बचत नव्हे. खर्च केवळ कुटुंबाच्या माथी गेला. चोपडा, शिरपूरसारख्या तालुक्यांच्या शासकीय रुग्णालयांत अशा रुग्णांसाठी काही खाटा, प्रशिक्षित परिचारिका व भौतिकोपचारतज्ज्ञ असावेत. अन्यथा शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही रुग्ण अंथरुणालाच खिळून राहील.