रजेच्या चिठ्ठींतील खरें कारण

मुलगा तापानें अंथरूण धरतो आणि दुसऱ्या दिवशीं शाळेंत चिठ्ठी येते ती 'घरगुती कामामुळें' अशी. अशा चिठ्ठ्या मीं पुष्कळ वाचल्या आहेत. पालकांचा हेतु वाईट नसतो. चाचणी बुडेल, वर्गांत चर्चा होईल, ही भीति त्यामागें असते. तथापि त्या एका ओळीनें सर्वांचें अहित होतें, असें माझें मत आहे.

सन १९१८ च्या जून महिन्यांत, ता. १० रोजीं, मुंबईच्या पोलीस इस्पितळांत सात शिपाई तापानें दाखल झाले. तो ताप हिंवतापाचा नव्हता, आणि त्यांतील एकाचा पहारा गोदीवर होता. गोदी म्हणजे आपल्या कॉटन ग्रीनची शेजारीणच! पुढें थोड्याच दिवसांत पोर्ट ट्रस्ट, टांकसाळ व गिरणी येथील माणसें आजारी पडून कामास मुकूं लागलीं. इन्फ्ल्युएंझाच्या साथीची पहिली चाहूल इस्पितळाच्या वहींत आणि हजेरीपटांत अशी उमटली होती. सप्टेंबरांत साथ अधिक उग्र होऊन उलटली व ६ ऑक्टोबर या एकाच दिवशीं शहरांत ७६८ माणसें मृत्यु पावलीं.

आज हें काम पद्धतशीर चालतें. २००४ सालीं सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमामुळें दवाखान्यांतील तापाच्या रोग्यांची मोजणी सरकारच्या आरोग्य खात्याकडे जाऊं लागली. नेहमींपेक्षां आंकडा चढला, कीं तपास करावयाचा. कोणी म्हणेल, पावसाळ्यांत ताप कोणास येत नाहीं? हिंवताप, डेंग्यू, लेप्टो हे सर्व त्याच दिवसांतले. खरें आहे, म्हणूनच निदान प्रयोगशाळेनें करावें. आंकड्यानें केवळ 'इकडे लक्ष द्या' एवढेंच सांगावें. आणि त्यासाठीं रोग्याचें नांव जाहीर करण्याचेंहि कारण नाहीं.

शाळेचा हजेरीपट हीहि अशीच एक वही आहे. ऑगस्ट २००९ मध्यें स्वाइन फ्ल्यूनें देशांतील पहिला बळी घेतला, तो पुण्याच्या एका शाळकरी मुलीचा. मुंबईच्या शाळाहि तेव्हां कांहीं दिवस बंद ठेवाव्या लागल्या. एका वर्गांतील पांच-सहा मुलें एकदम तापानें घरीं राहिलीं, तर तें आरोग्य अधिकाऱ्यांस त्याच दिवशीं कळावयास हवें. पण पटावर 'घरगुती काम' असेल, तर कळावें कसें?

पालकहो, चिठ्ठींत ताप असेल तर तापच लिहा. आम्हां शिक्षकांचेंहि कर्तव्य आहे, कीं आजारी मुलास घरीं राहिल्याबद्दल बोल लागूं नये व त्याचा बुडालेला अभ्यास भरून द्यावा. खरें लिहिणाऱ्याचें नुकसान होऊं लागलें, तर खोट्या चिठ्ठ्यांचा दोष आमच्याकडेच येईल.